पहिलं पाणी

वरच्या ओळीतल्या घरांचा व्हॉल्व्ह उघडायचा म्हणजे आधी चेंबरचं लोखंडी झाकण पहारीनं उचकटायचं, मग गुडघ्यांवर बसायचं, आणि छातीएवढी लांब चावी आत घालून साडेअकरा फेरे द्यायचे. बारावा फेरा पुरा केला की वॉशर सरकायचा आणि चेंबरच तुडुंब भरायचं. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. ते पाणक्याच्या मनगटात होतं. एकोणीस वर्षं तो गावाला पाणी सोडत होता आणि गाव त्याला पाणक्या म्हणत होतं. त्याचं खरं नाव फक्त पाणी खात्याच्या हजेरीवर होतं, आणि तेही चुकीचं लिहिलेलं.

त्या उन्हाळ्यात टाकीचा तळ दिसायला लागला, तसं पाणी एक दिवसाआड झालं. सकाळी सातला सोडायचं, आठला बंद. त्या तासाभरात वरच्या ओळीतल्या बायका, म्हातारे, पोरं भांडी घेऊन नळांवर तुटून पडायची. पाणक्या चावी खांद्यावर टाकून ओळीच्या टोकापर्यंत चालत जायचा. धार नीट पोचते की नाही ते बघायचा.

एका सोमवारी शिंप्याच्या दारातल्या नळाखाली त्यानं सवयीनं ओंजळ धरली आणि हात नाकापाशी नेला. ओल्या पोत्यासारखा वास आला. त्यानं पुन्हा ओंजळ भरली. वास होताच.

सगळे नळ बंद झाल्यावर तो नाल्यापाशी गेला. पाइप तिथं सांडपाण्याच्या मोरीखालून जात होता. चावीचं एक टोक पाइपवर टेकवून दुसरं कानाला लावून तो बराच वेळ ओणवा बसला. आधी काही ऐकू आलं नाही. मग आतून, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा, बारीक आवाज आला.

त्याला उलगडा झाला. पाणी चालू असलं की ते फटीतून बाहेर येत होतं, तोवर भीती नव्हती. पण बंद केल्यावर रिकामा पाइप मोरीतलं पाणी आत ओढून घेत होता, आणि दोन दिवसांनी पुन्हा सोडलं की तेच आधी लोकांच्या भांड्यात पडत होतं.

घरी जाऊन त्यानं हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. मुलगा कामासाठी दूर असायचा. घरात बायको, सून आणि सुनेचं आठ महिन्यांचं बाळ.

"आजपासून पाणी उकळायचं," तो बायकोला म्हणाला. "प्यायचं, बाळाचं, सगळं. खळखळून उकळू द्यायचं."

बायकोनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "का हो? काय झालं?"

"काही नाही. वास येतोय जरा."

"मग लोकांना सांगितलंत का?"

"साहेबांना सांगतो. ते बघतील."

दुसऱ्याच दिवशी तो सायकल मारत पाणी खात्याच्या कचेरीत गेला. चपला बाहेर काढायला लावल्या, कारण फरशी नुकतीच पुसली होती. दीड तास तो भिंतीला टेकून अनवाणी उभा राहिला. साहेब वयानं त्याच्या मुलाएवढे. त्यांनी त्याचा तक्रारीचा कागद वाचला, खिशातून लाल पेन काढलं आणि 'सांडपाणी' या शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त करून कागद त्याच्याकडे सरकवला.

"नीट लिहून आण."

"साहेब, जरा घाई होती. पाइपला फट आहे, मोरीतलं—"

"ऐक. सांडपाणी लिहूच नकोस. गळती लिही. गळतीला क्रमांक लागतो, दोन-तीन महिन्यांत काम होतं. सांडपाणी लिहिलंस तर चौकशी लागते. आणि चौकशीत आधी कोण जातो? ज्याच्या हातात चावी असते तो." साहेब हसले, अगदी प्रेमानं. "पुढच्या महिन्यात तुझ्या कामाची मुदत वाढवायचीय ना? मग गावात बोभाटा करू नकोस."

पाणक्यानं बाहेरच्या बाकावर बसून दुसरा कागद लिहिला. त्यात 'गळती' लिहिलं. परत येताना सायकलची साखळी दोनदा उतरली.

गप्प बसवेना आणि बोलवेना, तेव्हा त्यानं एक अर्धीमुर्धी वाट काढली. पाण्याच्या दिवशी तो घरोघरी सांगत फिरला, "पहिली दहा मिनिटं पाणी वाहू द्या. मग भरा."

शिंप्याची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जिभेची तिखट, पण पाणक्याच्या सुनेच्या बाळंतपणात तिनं दोन रात्री जागून काढल्या होत्या. "ऐका! तासभर पाणी येणार, त्यातलं दहा मिनिटं गटारात सोडा म्हणे! भावजी, ऊन लागलंय का तुम्हाला?"

बायका हसल्या. "पाइपात गाळ असतो, वहिनी," पाणक्या म्हणाला. "म्हणून म्हटलं."

"गाळ असला तर खाली बसेल," ती म्हणाली आणि पहिली कळशी नळाखाली लावली. ती भरत असताना पाणक्या तिथंच उभा होता. दोन शब्द बोलायचे होते. ते न बोलताच तो पुढच्या दाराकडे वळला.

पुढच्या मंगळवारी दुपारी शिंप्याचं मशीन बंद पडलेलं ऐकू आलं. ते मशीन दिवसभर चालायचं; ते थांबलं की गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पाणक्या धावला. शिंपीण जमिनीवर आडवी होती. सकाळपासून उलट्या, जुलाब. ओठ पांढरे पडलेले, डोळे खोल गेलेले. शिंपी गळ्यातली टेप काढायचीही शुद्ध नसल्यासारखा तिच्या उशाशी बसला होता.

"काल कुणाकडे तरी शिळं काही खाल्लं असेल," तो म्हणत होता. "दुसरं काय होणार?"

दूधवाल्याची गाडी आणली. पाणक्यानं तिला खांद्याकडून उचललं, शिंप्यानं पायांकडून. गाडीचं मागचं दार पाणक्यानंच लावलं आणि काचेतून म्हणाला, "होईल बरी. काळजी करू नकोस."

गाडी वळणाआड गेली. पाणक्या घरी आला तर बायको दारातच उभी होती. आत शेगडीवर पाण्याचं पातेलं खळखळत होतं.

"पाण्यानंच ना?" तिनं विचारलं.

तो चपला काढत राहिला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"मला काय डॉक्टर समजलीस?"

"नाही. पण पाण्यातलं तुम्हाला कळतं." तिचा आवाज उतरला होता. "आज तिसऱ्यांदा मी खिडकी लावून पाणी उकळलं. कुणी बघू नये म्हणून. मला माझीच लाज वाटली."

त्या आठवड्यात ओळीतली आणखी चार माणसं आजारी पडली. पाणक्या पुन्हा कचेरीत गेला; साहेब दौऱ्यावर होते. त्यानं पुन्हा 'सांडपाणी' लिहिलं, या वेळी शुद्ध, आणि कागद टेबलावर ठेवून आला. जेवण जाईना. पेल्यातलं पाणी पिताना तो बाळाकडे बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. दवाखान्यातून शिंप्याचा निरोप आला की तिच्या मूत्रपिंडावर परिणाम झालाय, अजून काही सांगता येत नाही.

आणि रविवारी गावाची बैठक आली.

दर तीन महिन्यांनी शाळेच्या मोठ्या वर्गात ही बैठक भरायची. गावातल्या सोयींबद्दल ज्याला जे म्हणायचं ते त्यानं तिथं म्हणायचं, खात्याची माणसं ऐकून जायची. अध्यक्षपद निवृत्त बाईंकडे होतं. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे पन्नाशीची माणसंही त्यांच्यासमोर हात वर करून बोलायची. माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. वर्गात भयंकर उकडत होतं. पाणक्या मागच्या भिंतीपाशी उभा राहिला.

बैठकीआधी साहेबांनी त्याला शाळेच्या ओट्यावर गाठलं होतं. "मी पाण्याचा अहवाल वाचेन. मग तुला उठवेन. एवढंच म्हणायचं, पाणी नियमित आणि स्वच्छ सोडतो. बस. मुदतवाढीचा कागद बॅगेत आहे."

पहिलं बोलणं नेहमीप्रमाणे म्हाताऱ्या पोस्टमनचं झालं. त्याला निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, ऐकू कमी यायचं, आणि दर बैठकीत तो एकच मागणी मांडायचा.

"गाडीथांब्यावर बाक नाही!" तो ओरडला.

"लिहून घेतलंय, आजोबा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"लिहून घेतलंय!"

"मागल्या वेळीही लिहूनच घेतलं होतं. लिहिलेल्यावर बसता येत नाही!"

लोक हसले. पाणक्यालाही हसू आलं असतं, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता. दिव्यांचं झालं, कचऱ्याच्या गाडीचं झालं. मग पाण्याचं निघालं आणि वर्गातला आवाजच बदलला. एकाच्या भावाला सलाइन लागलं होतं, एकीच्या दोन्ही मुली घरी पडून होत्या. दूधवाला उभा राहिला. "एकाच ओळीत पाच माणसं? आणि म्हणे शिळं खाल्लं! इथं कुठंतरी पाणी मुरतंय, बाई."

साहेब शांतपणे उठले. फाइल उघडली. "पाण्याचा नमुना याच आठवड्यात तपासलाय. पूर्ण निर्दोष. हा बघा शिक्का. उन्हाळ्यात पोटाचे विकार होतातच. घरातली भांडी स्वच्छ ठेवा." मग भिंतीकडे बोट केलं. "आणि माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्याच माणसाला विचारा. सांग रे."

सगळ्या माना वळल्या. पाणक्याच्या पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत गेली. पाठ केलेलं वाक्य तोंडात तयार होतं.

"पाणी," तो म्हणाला, "नियमित सोडतो."

"आणि?" साहेब म्हणाले.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला, "त्याला मला विचारू द्या." शिंपी होता. कधी आला कुणी पाहिलं नव्हतं. पाच दिवसांची दाढी, अंगात तोच सदरा. तो थेट दवाखान्यातून आला होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. बुडणारा माणूस आधार शोधतो तसं तो विचारत होता. "डॉक्टर म्हणतात पाण्यातून झालं. साहेब म्हणतात पाणी चांगलंय. मला दोघांतलं काही कळत नाही. तुला पाण्यातलं कळतं. तू फक्त एवढं सांग, तुझ्या घरी काय पितात?"

समोरच्या बाकावर सून बाळाला घेऊन बसली होती. शेजारी बायको. बायकोनं मान वर केली नाही. तिनं फक्त मांडीवरचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले.

खोटं बोलणं सोपं होतं. 'तेच पाणी' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"उकळून पितो," पाणक्या म्हणाला.

"कधीपासून?"

"दोन सोमवार होतील उद्या."

वर्गात कुणाचा तरी बाक करकरला. पाणक्याला आता थांबता येईना. तो बोलत गेला. मोरीखालचा पाइप, ती फट, बंद केल्यावर आत ओढलं जाणारं पाणी, तीन कागद. "साहेब, नमुना टाकीचा घेतलाय. टाकीतलं पाणी चांगलंच आहे. नळाचा घ्यायला हवा होता, सात वाजताचा, पहिला." मग तो शिंप्याकडे वळला. "मी पहिलं पाणी वाहू द्या म्हटलं होतं. पण का ते सांगितलं नाही. चावी जाईल म्हणून भ्यालो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "हा माणूस कामचुकार आहे! याला मी आत्ताच्या आत्ता—"

"खाली बसा," बाई म्हणाल्या. त्या वर्गात तो आवाज ऐकून पस्तीस वर्षं मुलं खाली बसत आली होती; साहेबही बसले. "मला एकच सांगा. नमुना नळाचा घेतला होता का?"

"पद्धत अशी आहे की—"

"हो की नाही?"

"नाही."

बाईंनी ते वहीत लिहिलं आणि वही साहेबांपुढे सरकवली. "इथं सही करा."

पण पाणक्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शिंपी बाकांमधून वाट काढत त्याच्यापुढे येऊन उभा राहिला होता. त्यानं हात उचलला. पाणक्यानं तोंड फिरवलं नाही. मार बसला असता तर बरं वाटलं असतं. हात हवेतच राहिला, मग खाली आला.

"गाडीचं दार तू लावलंस," शिंपी म्हणाला. "होईल बरी म्हणालास." आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी साहेबांचा माणूस येऊन चावी आणि पहार घेऊन गेला, सही घेऊन. नळ बंद झाले, टँकर सुरू झाला. टँकरच्या रांगेत पाणक्याची बायको उभी राहिली की पुढची बाई आपली घागर जरा सरकवून घ्यायची. सुनेशी कुणी बोलेना. एका बाईनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "यांना कशाला लागतंय पाणी? यांनी आधीच उकळून ठेवलंय." सून घरी येऊन रडली. पाणक्या परसात बसून जुने वॉशर तारेत ओवत राहिला. करायला दुसरं काही नव्हतं.

खात्याची माणसं पाइप बदलायला आली. त्यांच्याकडे नकाशा होता. नकाशाप्रमाणे त्यांनी गल्लीच्या तोंडाशी खणायला घेतलं. दोन दिवस खणलं, कमरेइतका चर झाला, पाइप मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चर आणखी लांबवला. पाणक्या दारातून बघत होता. पाइप तिथं नव्हताच. नकाशा काढल्यानंतर मधे खडक लागला म्हणून तो शाळेच्या बाजूनं वळवला होता. त्या वेळी फावडं धरणाऱ्यांत तो स्वतः होता.

"जाऊ नका," बायको म्हणाली. "हाकलतील."

"हाकलू देत."

तो गेला. मुकादमानं आधी लक्षच दिलं नाही. पाणक्या शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला, तिथून चौदा पावलं मोजली, नाल्याकडे वळून आणखी सहा, आणि टाचेनं मातीत खूण केली. "इथं. अडीच हात खाली."

मुकादमानं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि फावडं त्याच्याच हातात दिलं. "मग तूच काढ."

गुडघे बोलत होते. पहिल्या हातभर मातीत दगडच दगड. गावातली दहा-बारा माणसं कडेला उभी राहून बघत होती, कुणी मदतीला आलं नाही. दुपारी फावडं लोखंडावर वाजलं. पाणक्यानं पुढची माती हातांनी काढली. घाणीचा भपकारा आला. पाइपच्या खालच्या बाजूला वीतभर लांब चीर होती, तिच्यात काळा चिखल आणि केसांचा गुंता भरलेला. दूधवाला वाकून बघायला आला आणि तोंडावर रुमाल धरून मागे सरला.

"हेच पीत होतो आपण," तो म्हणाला.

कुणी पाणक्याला शाबासकी दिली नाही. तो चरातून वर चढायला लागला तेव्हा गुडघा लचकला आणि तो हातांवर पडला. पोस्टमननं काठी पुढे केली. ती धरून तो वर आला.

चार दिवसांनी नवा पाइप बसला. चावी नव्या माणसाकडे गेली. पण मधला चर अजून बुजवलेला नव्हता. त्याच दिवशी सकाळी पाणक्याच्या दारावर थाप पडली. शिंपी होता. बैठकीनंतर त्यानं या दाराकडे पाहिलंही नव्हतं.

"तिला आज सोडलंय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "गाडी शाळेपाशी थांबलीय. चर आडवा आहे, पुढं येत नाही. तिला चालवत नाही अजून. खुर्चीत बसवून आणायचीय."

पाणक्या उठला.

"मी काही विसरलेलो नाही," शिंपी म्हणाला. "दूधवाला घरी नाही, म्हणून आलो."

"माहीतय. चल."

शिंपीण अर्धी झाली होती. खुर्चीत बसल्यावर तिचे पाय लहान मुलीसारखे लोंबत होते. शिंप्यानं पुढून धरलं, पाणक्यानं मागून. चरावर एकच फळी टाकली होती. तिच्यावरून एकेक पाऊल सरकत ते पलीकडे आले. पाणक्याला तिच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता, विरळ झालेले केस, आणि श्वास घेताना वरखाली होणारे खांदे.

गल्लीच्या मध्यावर ती मागे न वळता म्हणाली, "भावजी, मी पडायच्या आधी किती दिवस तुमच्याकडे पाणी उकळत होतं?"

शिंपी थबकला. खुर्ची हलली.

"आठ दिवस, वहिनी."

वरच्या ओळीतल्या दारांत बायका येऊन उभ्या होत्या. एका नळाला धार लागलेली होती, भांडं बाजूला ठेवून कुणीतरी पाणी नुसतंच वाहू देत होतं.

"आठ दिवस," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. "नीट उचला. तुमची बाजू खाली जातेय."

पाणक्यानं गुडघे ताठ केले आणि खुर्ची वर घेतली.